न्यूरेंबर्ग खटल्यांतील महिला वकिलांचे दैनंदिन कार्यजीवन : एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे २० नोव्हेंबर १९४५ ते १ ऑक्टोबर १९४६ या काळात आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणासमोर नाझी राजवटीच्या प्रमुख नेत्यांवर खटला चालला. त्यानंतर १९४९ पर्यंत त्याच न्यायमंदिरात अमेरिकेच्या लष्करी न्यायाधिकरणांसमोर आणखी बारा खटले झाले. या खटल्यांचा इतिहास प्रामुख्याने न्यायमूर्ती, आरोपी आणि मुख्य अभियोक्ते यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. अभियोग पक्षात काम करणाऱ्या महिला वकिलांचा उल्लेख त्यात दीर्घकाळ अपवादानेच आढळतो. या महिलांचा दिवस कसा जात होता, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु न्यायप्रक्रियेतील श्रेय कोणाच्या नावे नोंदले जाते, हा मोठा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
त्या काळी विधी व्यवसायात स्त्रियांना मिळणारा प्रवेश मर्यादित होता. अमेरिकेतील हार्वर्ड विधी महाविद्यालयाने स्त्रियांना १९५० मध्ये प्रथम प्रवेश दिला. आपल्याकडील चित्रही फारसे वेगळे नव्हते. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे विधी परीक्षा उत्तीर्ण केली. मात्र भारतात स्त्रियांना वकिलीचा अधिकार देणारा कायदा होण्यास १९२३ साल उजाडावे लागले. या पार्श्वभूमीवर न्यूरेंबर्गला गेलेल्या महिला वकिलांकडे पाहिले पाहिजे.

कॅथरिन फाइट या येल विद्यापीठाच्या १९३० सालच्या विधी पदवीधर होत्या. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात विधी अधिकारी असताना मुख्य अभियोक्ते रॉबर्ट जॅक्सन यांच्या पथकात त्यांना पाठविण्यात आले. १९४५ च्या जुलैत त्या लंडनला पोहोचल्या. न्यायाधिकरणाची सनद ८ ऑगस्ट १९४५ रोजी तेथेच संमत झाली. पुढे वर्षअखेरपर्यंत त्यांनी युरोपात काम केले आणि या काळात आईवडिलांना नियमित पत्रे लिहिली. ही पत्रे आज अमेरिकेतील ट्रुमन ग्रंथालयात जतन केलेली आहेत. अधिकृत इतिवृत्तात जे येत नाही, ते अशा पत्रांतून हाती लागते. म्हणूनच इतिहासाचे साधन या दृष्टीने त्यांचे मोल मोठे आहे.

कामाचे स्थळ आणि स्वरूप :
बॉम्बहल्ल्यांनी न्यूरेंबर्गचे जुने शहर जवळजवळ पूर्णपणे उद्ध्वस्त झाले होते. न्यायमंदिराची दुरुस्ती जर्मन युद्धकैद्यांच्या श्रमातून करण्यात आली. नागरिक तळघरांत आणि पडक्या भिंतींच्या आडोशाला राहत होते, तर परदेशी कर्मचाऱ्यांसाठी डागडुजी केलेल्या ग्रँड हॉटेलात भोजन व नृत्याची सोय होती. दिवसा अत्याचारांची कागदपत्रे, सायंकाळी संगीत आणि मधल्या वाटेवर ढिगाऱ्यांतून चालणारी उपाशी माणसे, असा हा परस्परविरोधी दिनक्रम होता.

न्यायालयाचे कामकाज साधारणतः सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत चाले. इंग्रजी, फ्रेंच, रशियन व जर्मन या चार भाषांत तात्काळ अनुवाद होत असे. वक्त्याचा वेग वाढला की पिवळा दिवा लागे आणि लाल दिवा लागल्यास बोलणे थांबवावे लागे. परंतु बहुतेक महिला वकिलांचा दिवस या दालनात जात नसे. हा खटला साक्षीदारांपेक्षा प्रामुख्याने शत्रूच्याच कागदपत्रांवर उभा करावयाचा, असे जॅक्सन यांचे धोरण होते. एक लाखाहून अधिक जप्त कागदपत्रे तपासली गेली आणि त्यांपैकी सुमारे चार हजार अनुवादित होऊन पुराव्यात आली. दस्तऐवज वाचणे, त्यावरील सही व तारीख पडताळणे, त्याचा संबंध विशिष्ट आरोपीशी व आरोपाशी जोडणे आणि त्यावरून अभियोगाचे टिपण तयार करणे, हे काम मेजावरचे होते. खटल्याचा खरा पाया येथेच रचला जात होता.

मेज आणि व्यासपीठ :
या संदर्भात हॅरिएट झेटरबर्ग यांचे उदाहरण बोलके आहे. व्याप्त पोलंडचा गव्हर्नर-जनरल हान्स फ्रँक याच्याविरुद्धचे टिपण तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. फ्रँकची स्वतःची अनेक खंडांची दैनंदिनी हा त्यातील प्रमुख पुरावा होता. जानेवारी १९४६ मध्ये हे प्रकरण न्यायाधिकरणासमोर मांडले ते मात्र विल्यम बाल्डविन या पुरुष सहकाऱ्याने. त्याच महिन्यात फ्रेंच महिला मारी-क्लोद व्हायां-कुतुरिए यांनी ऑशविट्झ छावणीतील अनुभवांची साक्ष दिली. म्हणजेच त्या दालनात स्त्री साक्षीदार म्हणून बोलू शकत होती. अभियोक्ता म्हणून तिचा आवाज मात्र ऐकू आला नाही.

पुढील खटल्यांत ही स्थिती काहीशी बदलली. सेसिलिया गोएट्झ यांना न्यूरेंबर्गला जाण्यासाठी 'अपात्रतेतून सूट' मिळवावी लागली होती. त्यांची अपात्रता एवढीच की त्या स्त्री होत्या! टेलफर्ड टेलर यांनी ही सूट दिली. पुढे ८ डिसेंबर १९४७ रोजी क्रुप उद्योगसमूहाच्या खटल्यात अभियोग पक्षाच्या आरंभीच्या निवेदनाचा काही भाग गोएट्झ यांनी न्यायालयात मांडला. अशा रीतीने मेज ते व्यासपीठ हे अंतर कापण्यास दोन वर्षे लागली.

या श्रमाचे फलित मात्र संमिश्र ठरले. १९४८ मध्ये आल्फ्रिड क्रुप यास वेठबिगारी व लुटीच्या आरोपांखाली बारा वर्षांची शिक्षा झाली. परंतु १९५१ मध्ये त्याची मुक्तता करण्यात आली. शिक्षा टिकली नाही, पण कागदपत्रांतून सिद्ध झालेले सत्य टिकले. त्या दृष्टीने मेजावरील काम व्यासपीठावरील भाषणापेक्षा अधिक दीर्घजीवी ठरले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, न्यूरेंबर्ग येथील महिला वकिलांची अदृश्यता त्यांच्या कामाच्या गौणत्वामुळे नव्हे, तर वाचणारा आणि बोलणारा अशा श्रमविभागणीमुळे निर्माण झाली. दुसरी, अशा योगदानाचा शोध घेण्यासाठी निकालपत्रांबरोबरच पत्रे, टिपणे व आठवणी यांचाही साधन म्हणून वापर करणे आवश्यक आहे. तिसरी, पत्रे कुटुंबीयांना उद्देशून लिहिलेली असल्याने त्यांतील निवडक कथन लक्षात घेऊन ती अधिकृत नोंदींशी ताडून पाहिली पाहिजेत. इतिहास व विधी या विषयांच्या अध्यापनात न्यूरेंबर्गचा निकाल शिकविताना तो कोणी घडविला, हा प्रश्नही विद्यार्थ्यांसमोर ठेवल्यास या विस्मृत श्रमाला उचित स्थान मिळू शकेल.