मंगळागौर आहे का आज?

ऑफिसमध्ये जरा वेगळं काही घातलं की कुणी ना कुणी पिन मारणारच! मग ते कपाटात जातं आणि आपण पुन्हा काळ्या ट्राउजरमध्ये. हे धाडस येतं तरी कुठून?

सोमवारची सकाळ. लोकल पकडायला बावीस मिनिटं. कपाट उघडं आणि त्यासमोर आपण. हात नेमका कुठे जातो? काळी ट्राउजर, पांढरा शर्ट. फार तर शुक्रवारी एखादा कुर्ता. तुमचं असंच होतं ना? माझंही तीन वर्षं तसंच चाललं होतं. आणि त्या तीन वर्षांत कपाटाच्या तळाशी एक जॅकेट घडी घालून पडलं होतं.

ते माझ्या आजीच्या इरकलीचं होतं. साडीचं अंग पार विरलेलं, पण लाल रेशमी पदर अगदी शाबूत. म्हटलं, याचं जॅकेट मस्त होईल. आईला विचारलं, तर ती दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, ‘माझ्या आईची साडी आहे ती. कात्री लावायच्या आधी विचार कर.’ मी केला नाही. कागदावर स्केच काढलं, गल्लीतल्या टेलरकाकांकडे गेले आणि आठवड्यात जॅकेट तयार!

पहिल्याच दिवशी घालून ऑफिसला गेले. तेव्हा मी नोकरी करत होते. मीटिंगरूममध्ये शिरले तर एक सीनियर म्हणाले, ‘काय गं, मंगळागौर आहे का आज?’ सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसले. दुपारी एसीचं कारण काढून वर स्टोल घेतला. संध्याकाळी जॅकेट कपाटात गेलं आणि त्याच्यासोबत माझी स्केचबुकही.

एवढ्याशा वाक्यात माझी हवा गेली! का, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. त्याला कारण ठरल्या भानू अथैय्या.

कोल्हापूरच्या भानूताई

एका मैत्रिणीच्या घरी मी त्यांचं २०१० मध्ये आलेलं ‘द आर्ट ऑफ कॉस्च्युम डिझाइन’ चाळत बसले होते. ‘गांधी’साठी ऑस्कर मिळालेल्या, ऑस्कर जिंकणाऱ्या पहिल्या भारतीय, इतकं जनरल नॉलेज आपल्या सगळ्यांनाच असतं. पण त्याआधीची गोष्ट जास्त भारी आहे.

१९२९ मध्ये कोल्हापुरात जन्मलेल्या भानू राजोपाध्ये. वडील अण्णासाहेब स्वतः चित्रकार, पण ते भानूताई लहान असतानाच गेले. पुढे भानूताई मुंबईत आल्या, जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि १९५१ मध्ये तिथे सुवर्णपदक मिळवलं. हुसेन, रझा, सूझा या मंडळींनी १९४७ मध्ये सुरू केलेला प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप माहीत असेलच. त्या ग्रुपच्या १९५३ च्या प्रदर्शनात भानूताईंची चित्रं होती. एकटी बाई, बाकी सगळे पुरुष!

म्हणजे मोठी चित्रकार होण्याचा रस्ता समोर मोकळा होता. आणि या बाईने काय केलं? त्या आधीच ‘ईव्हज वीकली’सारख्या साप्ताहिकासाठी फॅशनची चित्रं काढत होत्या. मग कागदावरचे कपडे खरोखरचे शिवून घ्यायला लागल्या आणि तिथून सिनेमात गेल्या. १९५६ चा ‘सी.आय.डी.’ हा त्यांच्या सुरुवातीच्या सिनेमांपैकी एक. पुढे शंभराहून जास्त सिनेमे.

आज ‘कॉस्च्युम डिझायनर’ म्हटलं की ग्लॅमर वाटतं. तेव्हा फाइन आर्ट सोडून सिनेमाचे कपडे करायचे म्हणजे कलेच्या शिडीवरून एक पायरी खाली उतरणं, असंच अनेकांना वाटलं असणार. स्वतःला आवडणारी गोष्ट बाकीच्यांना हलकी वाटत असताना ती मनापासून करायची, हे धाडस मला ऑस्करपेक्षा मोठं वाटतं.

आधी डोळे, मग कात्री

पण पुस्तक चाळताना मला खरा चटका बसला तो दुसऱ्याच गोष्टीने. त्यांचा अभ्यास!

१९६६ च्या ‘आम्रपाली’साठी त्यांनी आधार घेतला अजिंठ्याच्या चित्रांचा. भिंतीवरच्या बायका वस्त्र कशा गुंडाळतात, गाठ कुठे येते, दागिना कुठे बसतो हे बघून वैजयंतीमालाचे कपडे झाले. १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’तली मुमताजची ती घट्ट केशरी साडीही त्यांचीच. नेसायची साडी त्यांनी चक्क नाचता येईल अशी शिवली. आणि १९८२ चा ‘गांधी’! सुटाबुटातला तरुण बॅरिस्टर ते पंचा नेसलेला म्हातारा, असा पन्नासहून जास्त वर्षांचा प्रवास नुसत्या कपड्यांतूनही कळतो. त्यासाठी जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर मिळालं. पुढे ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी राष्ट्रीय पुरस्कारही.

१५ ऑक्टोबर २०२० ला त्या गेल्या. त्यांनी कशालाही कात्री लावली ती आधी डोळे भरून बघून. मी मात्र उलटं केलं होतं. इरकल कापली, पण ती काय आहे हेच मला ठाऊक नव्हतं. म्हणून ‘मंगळागौर का?’ या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, फक्त हसू होतं.

पदराची गाठ

मग मी वाचायला लागले, विचारायला लागले. इरकल येते कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावातून. पारंपरिक इरकलीत अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा. अंग बहुतेकदा सुती, पदर रेशमी. मागावर हे दोन ताणे एकेक धागा दुसऱ्यात अडकवून जोडतात. त्या जोडणीला ‘टोपी तेनी’ म्हणतात. म्हणजे मी ज्या पदराचं जॅकेट केलं होतं तो साडीचा नुसता शेवट नव्हता. कुणीतरी बसून, धाग्याला धागा अडकवून तो अंगाला जोडला होता!

हे कळल्यावर जॅकेट बाहेर काढलं. आईला ती जोडणी दाखवली, कारण टेलरकाकांनी नशिबाने तिथे कात्री लावली नव्हती. आईने त्यावरून बराच वेळ बोट फिरवलं. मग म्हणाली, ‘आतून अस्तर लाव. नाहीतर एका पावसाळ्यात जाईल.’ अस्तर तिनेच लावलं.

परवा एका क्लायंटकडे तेच घालून गेले. ‘ट्रॅडिशनल डे आहे का?’ हा प्रश्न आलाच. लोक बदलत नाहीत हो! पण या वेळी मी टोपी तेनीची गोष्ट सांगितली. समोरच्या मॅडम जोडणी बघायला जवळ आल्या. म्हणाल्या, ‘आमच्या आईकडेही अशी एक आहे.’ काम मिळालं की नाही? अजून कळवलेलं नाही. पण स्टोल घेतला नाही, हे नक्की.

एवढं तरी करून बघा

• महिन्यातून एक लंच अवर जहांगीर आर्ट गॅलरीला द्या. प्रवेश फुकट आहे. पुण्यात असाल तर केळकर संग्रहालयात जुने कपडे आणि दागिने बघा.

• जे आवडेल ते फोटोत नाही, वहीत काढा. वेडंवाकडं चालेल.

• घरातली एक जुनी साडी उचला आणि ती कुठून आली ते आईला, आत्याला विचारा. कात्री नंतर.

• पहिल्या दिवशी एकच वेगळी गोष्ट घाला. आणि तिच्याबद्दल सांगता येईल असं एक वाक्य खिशात ठेवा.