न पाहिलेल्या गाडीचा सौदा

बैलबाजारात बैल घेणारा शेतकरी आधी त्याचे दात पाहतो, चार पावले चालवून बघतो आणि मगच पैशाची पिशवी सोडतो. केनियातील नैरोबी किंवा मोंबासा येथे जुन्या जपानी मोटारींचा व्यापार करणाऱ्याच्या वाट्याला हे समाधान येत नाही. हजारो मैलांवरची गाडी तो छायाचित्रावरून पसंत करतो, बहुधा सारी रक्कम आगाऊ पाठवतो आणि जहाजाची वाट पाहत बसतो. तोवर त्याचे भांडवल समुद्रावर असते.

जपानमधून दरवर्षी दहा लाखांहून अधिक जुनी वाहने परदेशी जातात. याचे एक मोठे कारण ‘शाकेन’ ही सक्तीची तपासणी होय. नव्या खासगी मोटारीची ती ३ वर्षांनी व पुढे दर २ वर्षांनी करावी लागते. त्याच वेळी वजनावरील कर आणि सक्तीचा विमाही भरावा लागतो. त्यामुळे सुस्थितीतील गाडीही पुढच्या शाकेनपूर्वी विकण्याकडे अनेकांचा कल असतो. जपानी गाडीचे सुकाणू उजवीकडे असल्याने केनिया, टांझानिया, युगांडा, झांबिया या देशांना ती सोयीची पडते. भारतालाही ती पडली असती. परंतु येथे ३ वर्षांपेक्षा जुनी गाडी व्यापारासाठी आणता येत नाही, शिवाय आयातशुल्कही जबर आहे. म्हणूनच मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर अशा गाड्या दिसत नाहीत.

लिलावाचा कागद

या व्यापाराचे उगमस्थान म्हणजे जपानमधील लिलावगृहे. चिबा प्रांतातील नोदा येथील लिलावात एका दिवसात हजारो गाड्यांची बोली लागते आणि एकेका गाडीचा निकाल काही सेकंदांत होतो. प्रत्येक गाडीसोबत तपासनिसाने भरलेला एक कागद असतो. त्यावर गाडीची श्रेणी, धावलेले किलोमीटर आणि गाडीचा आराखडा असतो. आराखड्यात ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे खळगा. तर श्रेणीच्या जागी ‘आर’ असल्यास ती अपघातानंतर दुरुस्त झालेली गाडी समजावी.

हा कागद खरा असेल तर दूरचा ग्राहक निर्धास्त. खोटा असेल तर तो बुडाला. किलोमीटरचा आकडा मागे फिरवणे किंवा ‘आर’ श्रेणीच्या गाडीसाठी बनावट कागद तयार करणे, हे प्रकार या धंद्याला नवे नाहीत. त्यावर उपाय एकच. चॅसिस क्रमांकावरून मूळ नोंद स्वतंत्रपणे पडताळावी, आणि तीही पैसे पाठवण्यापूर्वी. बँकेचे पतपत्र असले तरी बँक कागद तपासते, माल नव्हे, हे विसरून चालत नाही.

दिनदर्शिका आणि डॉलर

गाडी निर्दोष असली तरी धोका संपत नाही. केनियात ८ वर्षांपर्यंतच्याच गाडीला प्रवेश मिळतो आणि हे वय पहिल्या नोंदणीच्या वर्षावरून धरले जाते. म्हणजे २०१८ साली नोंदलेली गाडी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत केनियात पोहोचलीच पाहिजे. १ जानेवारीला तिला दार बंद. वर्षअखेरीस स्वस्त मिळणाऱ्या गाडीच्या स्वस्ताईचे रहस्य अनेकदा यातच असते. जहाजाला आठवड्याचा उशीर झाला, तर नफ्याची गोष्ट दूरच, मुद्दलच अडकते.

कराचेही तसेच. केनियाचे करखाते केवळ विक्रेत्याच्या बिलावर विसंबत नाही. स्वतःच्या किंमतसूचीतून वयानुसार घसारा वजा करून ते गाडीचे मूल्य ठरवते. स्वस्तात घेतलेल्या गाडीवर कर स्वस्त बसेलच असे नाही.

यात चलनाची भर पडते. जानेवारी २०२३ मध्ये डॉलरला सुमारे १२३ शिलिंग पडत. वर्षभरात हा दर १६० च्या घरात गेला आणि २०२४ च्या मध्यापर्यंत पुन्हा १३० च्या आसपास उतरला. महाग डॉलरने माल आणून कर्जाचे व्याज भरत बसलेल्या व्यापाऱ्याला, स्वस्त डॉलरने आलेल्या शेजाऱ्याच्या गाडीशी स्पर्धा करावी लागली. त्याची गाडी वाईट नव्हती, हिशेबही चुकला नव्हता. केवळ वेळ फिरली होती.

या धंद्यात टिकण्यासाठी म्हणूनच काही पथ्ये पाळावी लागतात. सारे भांडवल एकाच जहाजावर चढवू नये. वर्षअखेरीची खरेदी टाळावी. जहाजाच्या भरतीपत्रावरील चॅसिस क्रमांक निर्यात प्रमाणपत्राशी ताडून पाहावा. आणि ज्या विक्रेत्याला पडताळणीची घाई वा चीड वाटते, त्याच्याशी सौदा करू नये. जुन्या पेढ्यांवर पत ही माणसाच्या शब्दावर ठरत असे. येथे शब्द देणारा माणूस दिसत नाही. अशा वेळी कागद वाचण्याचा कंटाळा करणाऱ्याला हा व्यापार परवडत नाही.