खिडकी कोणत्या बाजूची?

समजा, तुम्ही आणि तुमचा मित्र पहिल्यांदाच विमानाने दिल्लीहून गुवाहाटीला निघाला आहात. दोघांनाही खिडकीजवळची जागा मिळाली आहे. तुमच्या मित्राची खिडकी डाव्या बाजूला आहे आणि तुमची उजव्या बाजूला. दिवस स्वच्छ आहे. थोड्या वेळाने मित्र आनंदाने ओरडतो, "अरे, बघ, बर्फाचे डोंगर!" तुम्हांला मात्र खाली फक्त शेते आणि नद्या दिसतात. तिकिटाचे पैसे दोघांनी सारखेच दिले, पण हिमालय एकालाच दिसला. असे का झाले?

याचे उत्तर सोपे आहे. भूगोलाच्या तासाला शिकलेल्या दिशा आठवा. गुवाहाटी दिल्लीच्या पूर्वेला आहे. पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. तुमच्या डाव्या हाताला उत्तर आणि उजव्या हाताला दक्षिण येईल. हिमालय या मार्गाच्या उत्तरेला आहे, म्हणून तो डाव्या खिडकीतून दिसतो. धौलागिरी, अन्नपूर्णा, एव्हरेस्ट आणि मग कांचनजंगा, अशी शिखरे एकामागून एक येतात. एव्हरेस्टची उंची ८८४८.८६ मीटर आहे आणि विमान सुमारे दहा किलोमीटर उंचीवरून उडत असते. त्यामुळे हे शिखर शंभराहून अधिक किलोमीटर दूर असूनही ढग नसले तर स्पष्ट दिसते. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, हवा बहुधा स्वच्छ असते.

परत येताना मात्र तीच डावी बाजू घेऊ नका! आता विमान पश्चिमेकडे जात असते, म्हणून हिमालय उजवीकडे येतो. बाजू पाठ करू नका, दिशा ओळखा.

एक युक्ती सांगतो. नकाशावर प्रवासाच्या मार्गावर पेन्सिल ठेवा. पेन्सिलीचे टोक जिथे जायचे त्या गावाकडे असावे. आता ते टोक तुमच्या समोरच्या बाजूला येईल असा नकाशा फिरवा. पेन्सिलीच्या डावीकडे जे असेल ते डाव्या खिडकीतून दिसेल, उजवीकडे जे असेल ते उजव्या.

आता सूर्याचाही विचार करा. दिल्लीहून श्रीनगरला जाताना विमान साधारण उत्तरेकडे जाते आणि हिमाचल प्रदेशातील पर्वत उजवीकडे, म्हणजे पूर्वेला असतात. सकाळी सूर्यही पूर्वेलाच असतो, त्यामुळे डोळे दिपतात. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला जातो. मग त्याचे ऊन समोरच्या पर्वतांवर पडते आणि बर्फ झळाळून उठतो. म्हणून शक्य असेल तर दुपारचे विमान निवडावे.

जागा मागताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. देशातील पुष्कळ विमानांत एका रांगेत सहा जागा असतात. पुढे तोंड करून बसल्यावर 'ए' ही डावीकडची खिडकी आणि 'एफ' ही उजवीकडची. पंखावरची जागा टाळा, नाहीतर खाली पाहताना पंखच दिसेल. लहान एटीआर विमानाचे पंख मात्र खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

ढग आले किंवा मार्ग बदलला, तर निवड बरोबर असूनही काही दिसणार नाही. ते आपल्या हाती नाही. पण नकाशा पाहणे आपल्या हाती आहे. आयुष्यात एखाद्या वेळीच मिळणारे दृश्य केवळ दोन मिनिटांच्या आळसामुळे का गमवावे?

स्वाध्याय

१. दिल्लीहून गुवाहाटीला जाताना हिमालय डावीकडे का दिसतो?
२. सकाळी श्रीनगरहून दिल्लीला येताना पर्वत कोणत्या बाजूला दिसतील? तेव्हा सूर्य कोणत्या बाजूला असेल?
३. तुमच्या गावाहून एस.टी.ने किंवा रेल्वेने जाताना नदी, डोंगर किंवा समुद्र कोणत्या खिडकीतून दिसतो? नकाशा पाहून पाच वाक्ये लिहा.