स्मरण आणि विस्मरण : पर्ल भाषेंतील वेब-अनुप्रयोगांची रचना

आगगाडीचें आसन राखून ठेवणें असो वा विजेचें देयक भरणें असो, अशीं अनेक कामें आज वेब-अनुप्रयोगांच्या द्वारें होतात. एकाच वेळीं शेंकडों माणसें त्यांच्या दाराशीं उभीं असतात. अशा प्रसंगीं एकाची खासगी गोष्ट दुसऱ्यास कळूं नये, ही रचनाकाराची पहिली जबाबदारी होय.

१९८७ सालीं लॅरी वॉल यांनीं पर्ल ही संगणकभाषा प्रसिद्ध केली. १९९० नंतरच्या दशकांत वेबचा प्रसार झाला, तेव्हां तिचा उपयोग बहुधा ‘सीजीआय’ या पद्धतीनें होत असे. या पद्धतींत प्रत्येक मागणीसाठीं आज्ञावली नव्यानें सुरू होई आणि उत्तर देऊन संपे. जणूं कचेरींत प्रत्येक ग्राहकासाठीं नवा कारकून नेमावा आणि काम होतांच त्यास निरोप द्यावा! यांत वेळ फार जाई. परंतु एक लाभ आपोआप पदरीं पडे. गेलेल्या कारकुनाबरोबर ग्राहकाची माहितीही जाई.

सेबास्टियन रीडेल यांनीं निर्माण केलेल्या ‘मोजोलिशस’ या चौकटींत कारकून कायमचा असतो. आज्ञावली एकदां स्मृतींत आली कीं, हजारों मागण्यांना तीच उत्तर देते. काम वेगानें होतें. पण जुनी सवय येथें घात करते. ग्राहकाचें नांव सामाईक चलांत, म्हणजे ‘ग्लोबल व्हेरिएबल’मध्यें ठेवलें, तर मागणी संपल्यावरही तें तेथेंच राहतें आणि पुढच्या ग्राहकाच्या पानावर उमटूं शकतें. एकट्यानें करून पाहतांना हा दोष दिसत नाहीं. दुसरा मनुष्य आला म्हणजेच तो उघडकीस येतो.

याचा उपाय सोपा आहे. मोजोलिशस प्रत्येक मागणीस ‘स्टॅश’ नांवाचा स्वतंत्र कप्पा देते. मागणीबरोबर तोही नाहींसा होतो. क्षणिक माहिती त्यांतच ठेवावी. डेटाबेसशीं संबंध राखणारें साधन मात्र सर्वांना समान असतें. तें ‘हेल्पर’च्या द्वारें कायम ठेवण्यास हरकत नाहीं.

ग्राहकाची ओळख अनेक पानांपर्यंत टिकवावयाची असेल, तर ‘सेशन’ वापरावें. ही माहिती कुकीच्या रूपानें ग्राहकाच्याच ब्राउझरमध्यें राहते. तिच्यावर गुप्त किल्लीनें केलेली सही असते; म्हणून कोणीं फेरफार केल्यास तो तत्काळ ध्यानीं येतो. परंतु सही म्हणजे कुलूप नव्हे! नेहमींच्या मांडणींत हा मजकूर पोस्टकार्डाप्रमाणें उघडा असतो. तेव्हां परवलीचा शब्द त्यांत कदापि ठेवूं नये.

शेवटीं परीक्षा. ‘टेस्ट-मोजो’ या साधनानें एकाच अनुप्रयोगापुढें दोन निरनिराळे ग्राहक उभे करावे आणि पहिल्याची माहिती दुसऱ्यास दिसत नाहीं ना, हें लोकांसाठीं दार उघडण्यापूर्वींच पाहावें. काय लक्षांत ठेवावें हें जसें चांगल्या कारकुनास कळतें, तसेंच काय विसरावें हेंही त्यास कळलें पाहिजे.