दृष्टिकोन बदलला की प्रश्नच जुना झाला?

समजा, तुमचा विषय आहे ‘किरकोळ व्यापारातील नैतिकतेकडे पाहण्याचा बदलता दृष्टिकोन’. प्रश्नावलीत तुम्ही विधान टाकलं: ‘सुटे पैसे नाहीत म्हणून दुकानदाराने चॉकलेट देणे चुकीचे आहे.’ पन्नाशीतले लोक म्हणाले, चूकच. विशीतले म्हणाले, त्यात काय एवढं! लगेच निष्कर्ष काढावासा वाटतो, की नव्या पिढीला नैतिकतेचं काही पडलेलं नाही.

थांबा. हा निष्कर्ष इथून निघत नाही.

एकाच वेळी घेतलेल्या सर्वेक्षणात वय आणि पिढी यांचा परिणाम एकमेकांत मिसळलेला असतो. आजचे विशीतले पन्नाशीत गेल्यावर ‘चूकच’ म्हणतील का, हे त्यातून कळत नाही. आणि काळाचा परिणाम तर दिसतच नाही. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा किंवा त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा यामुळे मतं बदलली का, हे पाहायचं तर आधीची आणि नंतरची, दोन्ही मोजमापं हवीत.

मग काही वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. दर वेळी नवा नमुना घेतला तर समाजाचा सरासरी कल कळतो. त्याच व्यक्तींकडे परत गेलात तर कोणाचं मत बदललं हे कळतं. पण दुसऱ्या पद्धतीत माणसं गळत जातात, हे लक्षात ठेवा.

इथे आणखी एक अडचण आहे. हेच विधान मी माझ्या पहिल्या प्रश्नावलीत घातलं होतं. मार्गदर्शक सरांनी एवढंच विचारलं, “हे तुझ्याबरोबर शेवटचं कधी घडलं?” मला आठवेना! २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पुढे सुट्ट्यांचा प्रश्नच बराचसा मिटला. म्हणजे लोकांचा दृष्टिकोन तोच असेल, प्रश्न मात्र जुना झाला.

तत्त्व जुनंच आहे: न मागितलेली वस्तू ग्राहकाच्या गळ्यात मारणं. आज अ‍ॅपवर न विचारता एखादी वस्तू किंवा देणगी बिलात घातली जाते. २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी अशा प्रकाराला मनाई केली आहे.

म्हणून काही जुनी विधानं तुलनेसाठी शब्दही न बदलता ठेवा, सोबत नवी घाला, पण दोन्हींचे गुण एकत्र करू नका. आणि प्रत्येक विधानाआधी विचारा, ‘असं तुमच्याबरोबर गेल्या वर्षभरात घडलं का?’

हे न करता एका पिढीला अप्रामाणिक ठरवणं, हेही अनैतिकच की!