डोळ्यांची दोन कामे आणि काचेतले जग

कसबा बावड्यातून राजाराम बंधाऱ्याकडे निघालात आणि आकाश निवळ असेल, तर उसाच्या फडांपलीकडे जोतिबाचा डोंगर दिसतो. तिथे उभे राहून एक सोपा प्रयोग करून बघा. उसाचे एक पान डोळ्यांसमोर सुमारे ३० सेंटिमीटरवर धरा आणि त्याची मधली शीर न्याहाळा. मागचा डोंगर पुसट होईल, आणि नीट लक्ष दिलेत तर एकाचे दोन डोंगर दिसतील. आता नजर डोंगराकडे न्या. लगेच पान पुसट होईल, आणि एका पानाची दोन पाने होतील.

एवढ्या वेळात तुमच्या डोळ्यांनी दोन निरनिराळी कामे केली. पहिले काम वळण्याचे. पान पाहताना दोन्ही डोळे नाकाकडे वळले आणि त्यांच्या नजरांमध्ये सुमारे १२ अंशांचा कोन झाला. डोंगर पाहताना त्या जवळजवळ समांतर झाल्या. दुसरे काम भिंगाचे. जवळचे पाहताना डोळ्यातले लवचीक भिंग फुगते, दूरचे पाहताना चपटे होते. ही दोन्ही कामे एकमेकांशी बांधलेली आहेत. डोळे वळले की भिंग आपोआप फुगू लागते. गाडीला जुंपलेल्या बैलांच्या जोडीसारखी त्यांची चाल आहे. एकाने ओढायचे आणि दुसऱ्याने थांबायचे, हे त्यांना ठाऊक नाही.

आता डोक्याला बांधायच्या त्या नव्या चष्म्याकडे वळू. व्हीआर हेडसेट म्हणतात तो हाच. त्याचे मूळ तत्त्व जुनेच आहे. इंग्लंडमध्ये व्हीटस्टन यांनी १८३८ साली दाखवून दिले, की दोन डोळ्यांना किंचित वेगळी अशी दोन चित्रे दाखवली, की मेंदू त्यांतून खोली असलेले एकच दृश्य उभे करतो. अमेरिकेत १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी संगणकाने काढलेली अशी चित्रे डोक्यावर बांधलेल्या यंत्रातून दाखवली. आजच्या हेडसेटमध्ये डोळ्यांपुढे छोटे पडदे असतात, आणि भिंगांमुळे ते दीड-दोन मीटरवर असल्यासारखे भासतात.

खोड आहे ती इथेच. समजा, हेडसेटमध्ये एक फूल ३० सेंटिमीटरवर आणून दाखवले. दोन चित्रांतल्या फरकामुळे डोळे जवळ पाहिल्यासारखे आत वळतात. पण प्रकाश येतो आहे तो दोन मीटरवर भासणाऱ्या पडद्यावरून. भिंग फुगले, तर फूल पुसट होते. न फुगावे, तर जोडीदार ओढतो आहे. चष्म्याच्या नंबरांत सांगायचे, तर डोळ्यांचे वळणे सव्वातीन नंबर मागते आणि पडदा मागतो अर्धा. ढोबळमानाने अर्ध्या नंबराच्या आसपासचा फरक बहुतेकांना सोसतो. इथे तो पावणेतीन होतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कले येथील संशोधकांनी २००८ साली प्रयोगांनी दाखवले, की अशा ओढाताणीने डोळे थकतात आणि दृश्य जुळून यायलाही वेळ लागतो. २०१३ साली ‘झपाटलेला २’ हा मराठी चित्रपट त्रिमितीत आला, तेव्हा तो पाहताना ही ओढाताण इतकी जाणवण्याजोगी नव्हती. थिएटरचा पडदा दूर असतो, आणि दृश्याचा बराचसा भाग त्या पडद्याच्या आसपासच मांडलेला असतो.

आता घराघरांत उपयोगी पडेल अशी एक गोष्ट सांगतो. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग ताठर होते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आठ-दहा सेंटिमीटरवरचे अक्षरही स्पष्ट दिसते. पन्नाशीच्या माणसाला वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते, आणि मग नाकावर चाळिशी येते. ज्याचे भिंग हलतच नाही, त्याच्या डोळ्यांत हे भांडण होणार कुठून? म्हणून दुकानात आजोबा हेडसेट लावून बघतात आणि म्हणतात, “छान आहे की, काही त्रास नाही.” आजोबांचे म्हणणे खरे असते, पण नातवासाठी त्यांची परीक्षा पुरेशी नसते. नातवाचे भिंग चांगले हलते आहे. “डोळे दुखतात,” असे तो म्हणाला, तर ते नाटक समजू नये. पुष्कळ उत्पादक स्वतःच दहा, बारा किंवा तेरा वर्षांखालच्या मुलांना हे यंत्र देऊ नका असे सांगतात.

यावर उपाय काय? एक म्हणजे, नजर कुठे वळली हे यंत्राने ओळखायचे आणि त्याप्रमाणे आतला पडदा किंवा भिंग पुढे-मागे करायचे. अशी नमुन्याची यंत्रे २०१८ साली दाखवली गेली. दुसरा उपाय अधिक मूळचा आहे, आणि त्याच्या कथेत आपल्याकडचा एक माणूस आहे.

पानावरच्या एका बिंदूतून निघालेले किरण फाकत फाकत बाहुलीत शिरतात. वस्तू जितकी जवळ, तितके ते अधिक फाकलेले. भिंगाला अंतर कळते ते यावरून. तेव्हा नुसते चित्र दाखवून भागत नाही. किरणांची दिशासुद्धा जुळवावी लागते. दोन जाळ्या एकापुढे एक धरल्या, तर कोणत्या दिशेने उजेड येईल हे समोरासमोर आलेल्या भोकांवर ठरते. तसेच दोन पारदर्शक पडदे एकापुढे एक ठेवून, दोहोंवर काय उमटवायचे याचा हिशेब संगणकाने करायचा. नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत सहकाऱ्यांसह २०१२ साली असे थरांचे पडदे मांडले. त्या सहकाऱ्यांपैकी गॉर्डन वेट्झस्टाइन पुढे स्टॅनफर्डला गेले, आणि २०१५ साली त्यांच्या गटाने दोन थरांचा हेडसेट करून दाखवला. त्यातून पाहताना भिंगाला जवळ-दूर होण्यास खरेच वाव मिळतो. रासकरांच्या गटाने किरणांचे हेच ज्ञान उलट्या बाजूनेही वापरले. मोबाइलवर बसवायच्या लहानशा जोडणीने चष्म्याचा नंबर काढायची युक्ती त्यांनी २०१० साली मांडली आणि तिला नाव दिले ‘नेत्र’.

अडचणी मात्र आहेत. दोन थरांतून येताना उजेड घटतो, बारीक ठिपक्यांपाशी किरण पसरून चित्राची धार बोथट होते, आणि हिशेब तर अफाट. म्हणून आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक हेडसेटमध्ये पडदा एकाच अंतरावर खिळलेला असतो.

वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणाच्या संस्था आपल्या बावड्यातही आहेत. शरीररचना किंवा यंत्राचे भाग हेडसेटमधून शिकवायचे झाले, तर विद्यार्थी हातातली वस्तू जवळ घेऊनच बघणार, आणि ओढाताण नेमकी तिथेच सर्वांत जास्त असते. तोवर शिकवणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. दृश्यातल्या वस्तू फार वेळ नाकाशी आणू नयेत. आणि थोड्या थोड्या वेळाने हेडसेट उतरवायला लावून मुलांना खिडकीशी उभे करावे. जोतिबाचा डोंगर दिसला तर उत्तमच, नाहीतर लांबचे एखादे झाडही चालेल. तिकडे पाहताना डोळ्यांची दोन्ही कामे पुन्हा एका चालीने चालू लागतात.