डबक्यातले वाढीचे गणित

तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ पाव असते. मोठ्या माणसात ते सातवा-आठवा हिस्साच उरते. म्हणजे वाढणे हे नुसते मोठे होणे नव्हे. प्रत्येक अवयव आपापल्या गतीने वाढतो आणि अंगाची ठेवण बदलत जाते. हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर पावसाळ्यात मोरगावजवळ कऱ्हेकाठच्या एखाद्या डबक्याशी जाऊन बसावे.

श्रोतेहो, हा भाग पर्जन्यछायेचा. चांगला पाऊस झाला की बेडूक ओरडू लागतात आणि काही दिवसांतच साचलेल्या पाण्यात काळे ठिपके वळवळू लागतात. ही बेडकाची पिल्ले, म्हणजे भैकेर. आरंभी दिसते ते डोके-धड एकच आणि मागे शेपूट. मग मागचे पाय फुटतात. पुढचे पाय कातडीखाली तयार होत असतात, ते मागाहून बाहेर पडतात. शेवटी शेपूट आटते. ती गळून पडत नाही, अंगातच जिरते. त्या दिवसांत तोंडाची रचना बदलत असल्याने पिल्लू खात नाही; शेपूट हीच त्याची शिदोरी. शेवाळावर जगणाऱ्या पिल्लाचे लांबलचक आतडेही किडे खाणाऱ्या बेडकात आखूड होते.

बेडकाचा दूरचा भाऊबंद म्हणजे सॅलमँडर. तो महाराष्ट्रात नाही, दार्जिलिंगच्या डोंगरांत आहे. सॅलमँडरच्या पिल्लाला मानेजवळ पिसांसारखे कल्ले असतात, पुढचे पाय आधी फुटतात आणि शेपूट जन्मभर राहते. अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी 1924 साली मोठ्या जातीच्या सॅलमँडरच्या पायाचा अंकुर लहान जातीच्या पिल्लावर बसवला. तो पाय परक्या अंगावरही आपल्या मूळ जातीच्या मापाने वाढला!

मग हे सारे सुरू कोण करते? गळ्याजवळची थायरॉइड ग्रंथी. 1912 साली गुडरनाच या शास्त्रज्ञाने भैकेरांना ही ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा त्यांचे वेळेआधीच चिमुकले बेडूक झाले. उलट मेक्सिकोतला ॲक्सोलॉटल या ग्रंथीच्या रसाची पातळी कमी असल्याने सहसा कल्ल्यांसकटच प्रौढ होतो.

आपल्या डबक्यातल्या पिल्लाला एवढी सवड नसते. पाऊस ओढ देतो, पाणी आटू लागते. काही जातींच्या भैकेरांना याची चाहूल लागते, अंगातले रस वाढतात आणि रूपांतर लवकर उरकते. पण त्याची किंमत असते. घाईने झालेला बेडूक अंगाने लहान राहतो आणि लहान बेडूक चटकन दुसऱ्याचा घास होतो. उशीर झाला, तर डबक्यासोबत पिल्लूही सुकते.

म्हणून पुढच्या पावसात दारचे डबके बुजवण्याआधी जरा वाकून पाहा. पाय फुटलेत का? शेपूट किती उरली? पाणी अजून आठवडाभर टिकेल का? त्या इवल्या जिवाचे सारे गणित या तीन प्रश्नांत आहे.